डिलीट केलेली फाईल जाते कुठे? ती परत कशी मिळवायची आणि कायमची कशी पुसायची?

मंडळी, दोन प्रसंग डोळ्यांसमोर आणा. पेनड्राईव्ह साफ करताना बहिणीच्या लग्नाच्या फोटोंचा अख्खा फोल्डर उडाला आणि घरात रडारड सुरू झाली. दुसरीकडे, जुना लॅपटॉप विकायचा म्हणून कुणीतरी त्यातलं पॅनकार्ड, बँकेचे कागद, घरचे फोटो सगळं डिलीट केलं आणि निर्धास्त झाला. दोघांचीही समजूत एकच, की फाईली आता गेल्या. बऱ्याचदा ही समजूत दोघांचीही चुकते. कशी, ते बघूया.

डिलीट केल्यावर नेमकं काय होतं?

विंडोज ९५ पासून आपल्या ओळखीचा असलेला रिसायकल बिन हा पहिला थांबा. तिथे गेलेली फाईल 'रिस्टोअर' केली की मूळ जागी परत येते. पण शिफ्ट धरून डिलीट दाबलं किंवा बिन रिकामा केला, तर ती तिथे सापडत नाही. पेनड्राईव्हवरच्या फाईलीही सहसा बिनमध्ये जात नाहीत.

मग ती जाते कुठे? खरं तर कुठेच नाही! कोणती फाईल डिस्कवर कुठे ठेवली आहे याची कॉम्प्युटर एक यादी ठेवतो. डिलीट केल्यावर त्या यादीत फक्त 'ही जागा आता मोकळी' अशी खूण होते. खोलीच्या दारावरची पाटी काढली, पण सामान आत तसंच, असा हा प्रकार. नवा भाडेकरू आला की मगच जुनं सामान बाहेर पडणार. म्हणूनच मोठा सिनेमा कॉपी व्हायला काही मिनिटं लागतात, डिलीट मात्र क्षणात होतो.

'क्विक फॉरमॅट' केलं तरी बहुतेक वेळा नवी कोरी यादी तयार होते, जुना डेटा तसाच पडून राहतो.

फाईल चुकून उडाली, आता काय करायचं?

१. सर्वात आधी हात थांबवा. त्या डिस्कवर किंवा कार्डवर काहीही नवीन साठवू नका. कॅमेऱ्याचं कार्ड असेल तर आणखी फोटो काढू नका, ते बाहेर काढून ठेवा.

२. दुसरीकडे प्रत आहे का बघा. गुगल फोटोजवर बॅकअप झालेला फोटो डिलीट केल्यावर ६० दिवस ट्रॅशमध्ये राहतो. गुगल ड्राईव्हच्या ट्रॅशमध्ये फाईल ३० दिवस मिळते. नातेवाईकांना पाठवलेले फोटो त्यांच्या फोनमध्येही सापडू शकतात.

३. मग रिकव्हरी सॉफ्टवेअर वापरा. 'रेकुव्हा' वापरायला सोपं आहे. 'फोटोरेक' मोफत आहे आणि ते यादीवर अवलंबून न राहता थेट डेटा वाचून फोटो, व्हिडिओ ओळखतं. फक्त त्यात फाईलींची मूळ नावं बहुधा मिळत नाहीत.

४. हे सॉफ्टवेअर दुसऱ्या डिस्कवर इन्स्टॉल करा आणि सापडलेल्या फाईलीही दुसऱ्याच डिस्कवर साठवा. नाहीतर वाचवायला गेलेलं सॉफ्टवेअरच आपल्या फाईलीवर जाऊन बसायचं!

५. हार्डडिस्कमधून खटखट आवाज येत असेल तर स्वतः प्रयोग करू नका. ती बंद करून जाणकाराकडे न्या.

एसएसडीचा मामला वेगळा

आजकालच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये हार्डडिस्कऐवजी एसएसडी असते. तिथे 'ट्रिम' नावाची सोय काम करते. फाईल डिलीट झाली की विंडोज एसएसडीला 'ही जागा आता नको' असं कळवते आणि एसएसडी ती सवडीने आतून पुसून टाकते. त्यामुळे लॅपटॉपच्या एसएसडीवरून उडालेली फाईल परत मिळण्याची शक्यता फार कमी. तिथे बॅकअप हाच खरा आधार.

जुन्या डिस्कमध्ये काय काय सापडतं?

अमेरिकेतल्या एमआयटीचे सिमसन गारफिंकेल आणि अभि शेलाट यांनी २००० ते २००२ या काळात १५८ जुन्या हार्डडिस्क विकत घेतल्या. त्यातल्या १२९ चालू निघाल्या, पण नीट पुसलेल्या फक्त १२! बाकीच्यांत वैद्यकीय माहिती, खाजगी ईमेल आणि हजारो क्रेडिट कार्ड नंबर मिळाले. एक डिस्क तर चक्क एटीएम मशीनमधली होती. यातल्या कितीतरी डिस्क विकण्याआधी फॉरमॅट केलेल्या होत्या.

मग कायमचं पुसायचं कसं?

हार्डडिस्क असेल तर: जुन्या डेटावर नवीन काहीतरी लिहिणं हाच उपाय. विंडोजमध्ये 'रिसेट धिस पीसी' करताना 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडा आणि 'क्लीन डेटा' चालू करा. जास्तीच्या डिस्कला 'क्विक'ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट द्या. '३५ वेळा पुसावं लागतं' हा सल्ला १९९६ सालच्या पीटर गटमन यांच्या शोधनिबंधावरून आला. वेगवेगळ्या जुन्या प्रकारच्या डिस्कचा विचार करून तो आकडा काढला होता. आजच्या हार्डडिस्कवर एकदा पूर्ण लिहिलं तरी पुरतं.

एसएसडी असेल तर: एकेका फाईलीवर पुन्हा लिहून भागत नाही, कारण एसएसडी नवा डेटा दुसऱ्याच जागी लिहिते. कंपनीच्या सॉफ्टवेअरमधला 'सिक्युअर इरेज' पर्याय वापरा.

फोन असेल तर: हल्लीच्या फोनमधला डेटा एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद असतो. फॅक्टरी रिसेट केल्यावर त्या कुलपाची किल्लीच नष्ट होते. रिसेटआधी बॅकअप घ्या, गुगल किंवा ॲपल खात्यातून बाहेर पडा आणि सिम व मेमरी कार्ड काढायला विसरू नका. रिसेटच्या वेळी मेमरी कार्ड आपोआप पुसलं जाईलच असं नाही.

डिस्क बंद पडली असेल तर: ती चालत नाही म्हणजे आतला डेटा गेला असं समजू नका. हार्डडिस्कच्या आतल्या चकत्या किंवा एसएसडीच्या चिप्स फोडूनच ती ई-कचऱ्यात द्या.

तर मंडळी, हवं ते दोन ठिकाणी जपून ठेवा आणि नको ते पुसल्याशिवाय वस्तू हातावेगळी करू नका. तुमच्या ओळखीत कुणी जुना लॅपटॉप विकायला काढला असेल, तर सौदा होण्याआधी त्यांना हा लेख नक्की पाठवा!