रणगाड्याची बेंबी

जुन्या जपानी रणगाड्याचं किट हाती आलं की मी आधी त्याला उताणं करतो. खोक्यावरचा धूर, ज्वाळा, चिखल उडवत येणारा रणगाडा, हे सगळं नंतर. पोटाच्या पत्र्यात बहुधा दोन-चार भोकं असतात, एखादं लांबट, बाकीची गोल. खऱ्या रणगाड्याला तिथे अशी उघडी भोकं नसतात. मी त्याला बेंबी म्हणतो. नाळ तिथेच जोडलेली होती.

नाळ मोटरशी. १९४७ साली केनिची माबुची यांनी नालाच्या आकाराचा चुंबक वापरून एक छोटी मोटर बनवली. कायमचा चुंबक असल्यामुळे चुंबकत्वासाठी वेगळी वीज खर्ची पडत नाही, म्हणून बारक्या सेलवरही ती फिरते. खेळणीवाल्यांना हेच हवं होतं. जपानातल्या शिझुओकाच्या तामिया कंपनीचा मूळ धंदा लाकडाचा, पुढे लाकडी मॉडेलं, मग प्लास्टिक. १९६० सालचं ‘यामातो’ युद्धनौकेचं पहिलं प्लास्टिक किट काही चाललं नाही. त्यानंतर एक-दीड वर्षात आलेला मोटरवाला पँथर रणगाडा मात्र धो धो खपला.

आता गंमत बघा. आज जगभर रणगाड्यांची बरीच मॉडेलं १/३५ मापात बनतात. हे माप कुणा सेनापतीनं ठरवलेलं नाही. पँथरच्या पोटात मोटर आणि दोन मधल्या आकाराचे सेल मावले पाहिजेत, एवढाच हिशोब होता. बाकीचे रणगाडे त्याच मापात करायचे म्हणून मोजून पाहिलं तेव्हा ते खऱ्याच्या साधारण पस्तिसावा भाग भरलं, असं कंपनीच्या शुनसाकु तामिया यांनीच सांगून ठेवलंय. सेलनं ठरवलेलं माप! पुढे लोकांना धावण्यापेक्षा हुबेहूबपणा हवासा झाला, मोटर गेली. भोकं राहिली.

का राहिली, हे मला चिंचणीत कळलं. आमच्या बोईसरहून चिंचणी जवळच, आणि तिथे, वरोरला घरोघरी डायचं काम: सोन्याचांदीच्या दागिन्यांसाठी पोलादावर छिन्नीनं नक्षी कोरायची. किटचं प्लास्टिकही पोलादी डायमधूनच निघतं, म्हणून ओळखीच्या एका काकांपुढे मी रणगाडा उताणा ठेवला. त्यांनी भोकाच्या कडेवरून अंगठा फिरवला. “डायमध्येच आहे हे. आता बुजवायचं म्हणजे डायला हात लावायचा. कोण लावतो रे?”

मी स्वतः या वेडात पडलो ते किटमुळे नव्हे, बंद पडलेल्या टेपरेकॉर्डरमुळे. आमच्या शेजारच्या तारापूरचे दोन अणुसंच १९६९च्या ऑक्टोबरात सुरू झाले. बोईसर म्हटलं की पाहुण्यांना अणुवीजच आठवायची. असल्या गावात सेलला पैसे कशाला घालायचे, या विचारानं मी टेपरेकॉर्डरची मोटर काढून तिच्या वायरी सरळ भिंतीच्या सॉकेटात खुपसल्या. फाटकन आवाज, करपलेल्या वार्निशचा वास, घरभर अंधार. बाबांनी फ्यूजची तार बदलली, मग माझ्याकडे वळले.

परवा भंगारवाल्याकडे, टीव्हीच्या रिकाम्या कॅबिनेटखाली, एक अर्धवट जोडलेला रणगाडा मिळाला. मोटरसकट! खोका नाही, तोफ मोडकी. आपल्याकडची खारी हवा पत्र्याला सोडत नाही, तशी सेलच्या पितळी पट्ट्यांनाही. पट्ट्यांवर हिरवा थर. सँडपेपरनं घासल्या, गिअरच्या दात्यांतलं दगडासारखं झालेलं ग्रीस दाभणानं खरवडलं, नवे सेल घातले. बेंबीतून बाहेर आलेली खटकी ओढली.

तो गुरगुरला. फरशीवरून सव्वा हात गेला असेल, तोवर डाव्या बाजूचा रबरी पट्टा, वाळून बिस्किटासारखा झालेला, तुटला. मग उजव्याच पट्ट्यावर तो सेल संपेस्तोवर स्वतःभोवती फिरत राहिला. मी बंद केला नाही.