उपरी, मिरासदार आणि दोन खणांचे घर

भोर तालुक्यातल्या भोंगवली गावात मी २०२१ साली एक जुने घर घेतले. घर म्हणजे एका सामाईक वाड्यातले दोन खण, त्यांच्या पुढची ओसरी आणि मागचे परसू. राहणे पुण्यात, सुट्टीला इथे यावे, चार दिवस वाचावे, लिहावे, एवढाच हेतू होता. पण मराठेकालीन कागद वाचण्याचा नाद मला वीस-बावीस वर्षांपासून आहे. कॉलेजात इतिहास शिकलो नाही; मोडी एका निवृत्त शिक्षकांच्या ओट्यावर बसून शिकलो. अशा माणसाने स्वतःच्या घराचे खरेदीखत हातात घेतले की तो ते जुन्या मिरासपत्राशेजारी ठेवून पाहणारच. त्या पाहण्यातून जे हाती आले, ते इथे मांडतो.

भोर-वेल्हे म्हटले की पुणेकराला राजगड, तोरणा आणि भाटघरचे पाणी आठवते. सुट्टीच्या घरांची आणि फार्महाऊसची हौस मुख्यतः त्याच बाजूला फिरते. भोंगवली मात्र पुणे-सातारा रस्त्याच्या पूर्वेला, नीरेच्या खोऱ्यात आहे. पश्चिमेच्या मानाने इथे पाऊस कमी, रान मोकळे. मी हे गाव निवडले त्याला एक कायदेशीर कारणही होते. मी शेतकरी नाही. १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. गावठाणातले घर ही शेतजमीन नव्हे. ते घेता येते. म्हणून डोंगर, तळे आणि कुंपण यांचा नाद सोडून मी गावाच्या पोटातले घर शोधले.

इथेच पहिला फरक लक्षात येतो. सुट्टीसाठी वेगळे घर ही कल्पना आपल्याकडे रुजली ती प्रामुख्याने इंग्रजी अमदानीत. माल्कमच्या काळात, १८२८ च्या सुमारास, महाबळेश्वरी वस्ती झाली. १८५० साली ह्यू मॅलेट माथेरानच्या डोंगरावर चढला आणि पुढे तिथे बंगले उठले. बंगला हा मुळातच सुटा. चहूबाजूंनी आवार, आवाराला फाटक. त्याची भिंत कोणाच्या भिंतीला लागत नाही. आजचे फार्महाऊस हे त्या बंगल्याचे वंशज आहे. गावठाणातले घर त्या कुळीचे नाही. त्याची एक भिंत शेजाऱ्याची असते, पाणी दुसऱ्याच्या बोळात पडते आणि दार तिसऱ्याच्या ओट्यासमोर उघडते. बंगल्याची कल्पना मनात घेऊन वाड्याचे खण विकत घेणाऱ्याची अडचण इथून सुरू होते. माझी झाली.

जुन्या कागदांत गावाचे दोन भाग असतात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. मातीची घरे शतकानुशतके पडली, त्यांच्याच मातीवर नवी उभी राहिली, चुलीची राख मिसळत गेली आणि वस्तीखालची माती पांढुरकी झाली. नाव त्यावरून आले. पुढे ‘पांढरी’ या शब्दाचा अर्थ नुसती जागा न राहता त्या जागेवर नांदणारा समाज असाही झाला. ‘समस्त पांढरी’ मिळून साक्ष देते, निवाडा ऐकते. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’त या व्यवस्थेचे बारकाईने वर्णन आहे, आणि तिच्या दोषांवर बोटही आहे.

या पांढरीत राहणाऱ्या शेतकऱ्यांचे दोन प्रकार असत. मिरासदार म्हणजे वंशपरंपरेने जमिनीचा आणि घरठाण्याचा धनी. उपरी म्हणजे बाहेरून येऊन कौलाने किंवा कराराने जमीन कसणारा. पेशवाई बुडाल्यावर १८१९ साली एल्फिन्स्टनने जो अहवाल लिहिला, त्यात या दोन प्रकारांची नीट फोड केलेली आहे. मिरासदाराला घर बांधता येई, विकता येई, गायरानात गुरे चारता येत आणि गावच्या बैठकीत बोलता येई. उपऱ्याला यातले थोडे मिळे, तेही गावाच्या मर्जीने. तो अनेक वर्षे राहिला तरी उपरीच.

तरीही दोहोंमधले दार कायमचे बंद नव्हते. एखादे कुळ दुष्काळात किंवा धामधुमीत परागंदा झाले, वारस राहिला नाही, की त्याची जमीन ‘गतकूळ’ ठरे. ती गावाच्या संमतीने उपऱ्याला विकत घेता येई, आणि मग तो मिरासदार होई. मिरासदाराने स्वतः आपली मिरास विकल्याचेही पुष्कळ कागद आहेत. उलट बाजूने, परागंदा झालेला मिरासदार किंवा त्याचे वंशज दोन-दोन पिढ्यांनी परत येऊन आपला हक्क मागत, आणि गाव तो हक्क ऐकून घेई. घराला कुलूप लागले, घर पडले, म्हणून नाते संपले असे कोणी धरीत नसे.

अशा विक्रीचा कागद कसा असे? घेणारा, देणारा, कारण आणि किंमत हे तर असेच. विकण्याचे कारण बहुधा अडचणीचेच : कर्ज, दंड किंवा दुष्काळात पोट भरणे. मग चतुःसीमा. घर असेल तर ते खणांत मोजलेले. खण म्हणजे दोन तुळयांमधले अंतर. लाकूड जेवढे लांब तेवढा खण, म्हणून घराचे माप आणि घराचा सांगाडा एकच. आणि शेवटी साक्षी : पाटील, कुलकर्णी, शेजारी, बलुतेदार. ज्यांना लिहिता येत नसे ते आपल्या धंद्याची खूण काढीत : पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा. भारत इतिहास संशोधक मंडळाने १९१० पासून जी साधने जमवली, त्यांत असे कागद शेकड्यांनी आहेत. ते वाचताना जाणवते की किंमत कागदाच्या मध्यावरच संपते. उरलेला कागद घेणाऱ्याला गावात बसवण्यासाठी असतो. त्याच्या मिरासीबद्दल उद्या कोणी भांडला तर त्या खुणा काढणाऱ्यांनी उभे राहायचे असते.

आता माझे खरेदीखत. पाने बरीच, मुद्रांक, बोटांचे ठसे, फोटो. मालकीचा आधार शोधताना पहिला धक्का बसला तो असा की ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा घरपट्टीच्या आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. ज्या गावठाणांची नगर भूमापनाची मोजणी झालेली नाही, तिथे पिढ्यान्‌पिढ्यांची मालकी केवळ वहिवाटीवर आणि शेजाऱ्यांच्या आठवणीवर उभी आहे. ही उणीव भरून काढण्यासाठी ड्रोनने गावठाणे मोजण्याचा प्रयोग पुणे जिल्ह्यातच, पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावी झाला आणि २४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व योजना देशभरासाठी जाहीर झाली. तिच्यातून घरमालकाला मिळकत पत्रिका मिळते. मोजणीच्या वेळी हद्द दाखवायला मालक आणि शेजारी लागतातच. म्हणजे ड्रोन आकाशात असला तरी साक्ष पांढरीचीच.

दुसरा धक्का हिस्सेदारांचा. मला घर दाखवणारे गृहस्थ थोरले भाऊ. ते म्हणाले, “आम्ही तिघं भाऊ, तिघांच्या सह्या.” वकिलांनी विचारले, “बहिणी?” दोन होत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यातल्या दुरुस्तीने मुलगी ही मुलाप्रमाणेच जन्मापासून सहदायाद झाली. वडिलोपार्जित घरात तिचा वाटा आहे आणि तिच्या सहीवाचून खरेदी पक्की नाही. सगळ्यांच्या सह्या न घेता एखाद्याचा वाटा तेवढा घ्यावा, तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ४४ सांगते की एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा परक्याने घेतला, तरी त्याला कुटुंबाबरोबर सामाईक ताबा मिळणार नाही. त्याने वाटणीचा दावा लावलाच, तर १८९३ च्या वाटप कायद्याच्या कलम ४ प्रमाणे कुटुंबातला हिस्सेदार तो भाग ठरलेल्या किमतीला परत घेऊ शकतो. इंग्रजी कायद्याच्या भाषेत लिहिलेला हा उपऱ्याचाच नियम आहे. घर कोणालाही विकता येते, पण परक्याला कुटुंबाच्या चुलीशी बसवता येत नाही.

धाकट्या बहिणीने फोनवर लगेच होकार दिला. थोरली मुंबईत, वय सत्तरीपुढे. तिच्याकडे मी स्वतः गेलो. तिने सही करणार म्हणून आधीच सांगितले होते, पण चहा झाल्यावर म्हणाली, “दादा, तुम्ही घर घ्या. माजघरातल्या देवळीत आमचे टाक आहेत. ते कुठं न्यायचे? भावांच्या ब्लॉकमध्ये जागा नाही. नवरात्रात आम्ही येऊ तेव्हा दार उघडं असेल ना?”

मी हो म्हटले. परतीच्या गाडीत विचार करत राहिलो की हे लिहायचे कुठे? वकिलांना विचारले. ते हसून म्हणाले, “निर्वेध म्हणून विकताय आणि निर्वेध म्हणून घेताय. असलं काही घातलंत तर उद्या तुम्हालाच विकता येणार नाही.” त्यांचे बरोबर होते. खरेदीखतात ती गोष्ट आली नाही.

नंतर दुरुस्ती निघाली. घर दगडी जोत्यावर मातीच्या भिंतींचे, वर सागाच्या तुळया आणि मंगलोरी कौले. कोणीतरी मध्यंतरी भिंतींना सिमेंटचा गिलावा केला होता. जोत्यातून वर चढणारी ओल मातीची भिंत एरवी श्वासासारखी बाहेर टाकते. सिमेंटने तिची वाट बंद केली आणि भिंत आतून मऊ झाली. गिलावा खरवडला तेव्हा मूठ-मूठ माती बरोबर आली. त्यावर उपाय चुन्याचा : कळीचा चुना विरवायचा, वाळूबरोबर मळायचा, गुळाचे आणि हिरड्याचे पाणी घालायचे. महिनाभर गवंडी शोधण्यात गेला. मग शेजारचे नाना येऊन उभे राहिले. “सर, घर तुम्ही घेतलं, पण ही भिंत आपल्या दोघांची हाय. माझ्या तुळया तिच्यावरच टेकल्यात. पलीकडनं मी शिमिट लावलंय. तुम्ही ह्या अंगानं चुना लावून काय उपेग?”

त्यांचे म्हणणे इतके बरोबर होते की मला उत्तर सुचले नाही. दोन्ही अंगांचा खर्च मी करायचा आणि त्यांनी आपल्या बाजूचे सिमेंट काढू द्यायचे, असे ठरले. त्यांना ते पूर्ण पटलेले नव्हते. अजूनही नाही.

घर उभे राहिले, पण बंद घर टिकत नाही हेही कळले. चुलीच्या धुराने लाकूड कोरडे राही, किडा लागत नसे. मी वर्षातून चाळीस-पन्नास दिवस येतो. बाकी दिवस वाळवी माझ्या तुळयांत राहते. पावसाळ्याआधी कौले चाळायला, वळचणीखालची नाली उपसायला आणि महिन्यातून दोनदा दारे-खिडक्या उघडायला नानाच असतात. कागदावर मी मालक आहे. जुन्या भाषेत मी मिरासपत्र हातात असलेला उपरी आहे.

इथे कोणी म्हणेल, म्हणजे जुनी रीतच चांगली होती. मला तसे म्हणायचे नाही. ज्या पांढरीच्या साक्षीचे मी वर्णन केले, तिच्या कागदांवर महारांची खूण लागे, पण त्यांचे घर गावकुसाबाहेर असे. जमीन कोणाची, हद्द कुठली, हे सांगायला ते हवेत. शेजार करायला नकोत. तसेच विधवा बायकांच्या नावाचे कागद मिळतात, पण लग्न होऊन गेलेल्या बहिणीला विचारून घर विकले, असा एकही कागद माझ्या वाचनात नाही. जुन्या कागदात गाव होते, बहीण नव्हती. नव्या कागदात बहीण आहे, गाव नाही. मुंबईतल्या त्या बाईंची सही मला कायद्याने घ्यावी लागली म्हणूनच मी त्यांच्या घरी गेलो. नाहीतर ते टाक एखाद्या दुरुस्तीत राडारोड्याबरोबर गेले असते आणि मला पत्ताही लागला नसता.

भोर-वेल्ह्यात आज अशी कुलूपबंद घरे गावोगाव आहेत. ती घ्यायला शहरातली माणसे येत आहेत, येतील. घर पडून जाण्यापेक्षा कोणीतरी डागडुजी करावी हे बरेच. पण घेणाऱ्याने खरेदीखतापलीकडे तीन गोष्टी तरी विचाराव्यात : या घरातून कोण कुठे गेले, कोणाच्या तुळया कोणत्या भिंतीवर आहेत आणि वर्षातून कोणत्या दिवशी दार उघडे लागते. नोंदणी कार्यालयात हे कोणी विचारत नाही. जुना कुलकर्णी यातले बरेचसे विचारी, कारण त्याला साक्षीदार बोलवायचे असत.

गेल्या नवरात्रात ती दोन्ही भावंडे आली, थोरली बहीण आणि मधला भाऊ. दोघांनी टाक उजळले, घट बसवला, तीन दिवस राहिले. जाण्याआधी मी एक कोरा कागद काढला. देवळी, नवरात्र आणि सामाईक भिंत, तिन्ही गोष्टी त्यावर लिहिल्या. त्याला कायद्याची किंमत नाही हे सगळ्यांना सांगितले. दोघा भावंडांनी सह्या केल्या. नानांनी कागद वाचला, भिंतीच्या कलमात ‘चुना’ होता तिथे ‘दोघांच्या मते’ असे घालायला लावले, आणि मगच सही केली.