जंतूंनी दिलेले माप

मारुंजीतील वडीलधाऱ्या श्रोत्यांना ‘चार लाखांचे इंजेक्शन’ आठवत असेल. ते लाख रुपयांचे नव्हेत, पेनिसिलिनच्या युनिटांचे. हे औषध आपल्या शेजारीच, पिंपरीला होऊ लागले. तेथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला व १९५५ साली उत्पादन सुरू झाले.

माल टनांत, वारांत, नगांत मोजण्याची आम्हां युनियनवाल्यांना सवय. पण टाकीतल्या रसात पेनिसिलिन इतके थोडे, की तेथे तराजू हात टेकतो. तेव्हा माप जंतूंकडूनच घ्यावयाचे. ऑक्सफर्डला १९४० च्या सुमारास नॉर्मन हीटली यांनी त्याची युक्ती काढली. बशीत अगार थिजवून त्यात जंतू पेरायचे, वर बारीक नळकांडी उभी करून त्यांत रस घालायचा आणि बशी रात्रभर उबेत ठेवायची. सकाळी बशीभर जंतूंची साय धरलेली असते. नळकांड्याभोवती मात्र स्वच्छ वर्तुळ. ज्याची ताकद ठाऊक आहे अशा औषधाच्या वर्तुळाशी त्याचा व्यास ताडून पाहावयाचा, की झाले माप! मूळचे युनिटही असेच होते: ५० घनसेंटिमीटर मांसरसात ठरावीक जंतूंची वाढ जेमतेम रोखील एवढे पेनिसिलिन. पुढे १९४४ साली ते शुद्ध क्षाराच्या ०.६ मायक्रोग्रॅमवर ठरविण्यात आले.

१९४५ चे नोबेल पारितोषिक फ्लेमिंग, फ्लोरी व चेन यांस मिळाले; हीटलींस नाही. माप घेणारा हात मागेच राहतो, हे आम्हांस नवे नाही. ऑक्सफर्डने त्यांना वैद्यकाची सन्माननीय डॉक्टरेट दिली ती १९९० साली. तेव्हा त्यांचे वय ७९ होते.