समुद्रातील पहिली पोहण्याची शर्यत : सही घेण्यापूर्वी हे वाचा

मालवणच्या चिवला किनाऱ्यावर डिसेंबरात होणाऱ्या सागरी जलतरण स्पर्धेसारख्या स्पर्धांत हल्ली चाळिशी-पन्नाशीतील हौशी मंडळीही उतरतात. त्यातील काही जण दवाखान्यात येतात ते फक्त तंदुरुस्तीच्या दाखल्यावर सही घ्यायला. "डॉक्टर, मी तलावात रोज एक किलोमीटर पोहतो," असे सांगतात. ती मेहनत खरीच असते, पण समुद्रासाठी तेवढी पुरत नाही.

२५ मीटरच्या तलावात एक किलोमीटर म्हणजे ४० फेऱ्या. दर फेरीला भिंत येते, तिला पाय मारून तुम्ही पुढे सरकता आणि नकळत क्षणभर विसावता. समुद्रात भिंत नाही, तळ दिसत नाही, लाट ऐन श्वासाच्या वेळी तोंडावर येते आणि आजूबाजूला इतरांचे हातपाय लागतात. सुरुवातीच्या काही मिनिटांत नाडी आणि श्वास एकदम वाढतात. चांगले पोहणारेही येथेच घाबरतात. म्हणून पहिल्या शर्यतीत सर्वांच्या मागून, कडेने सुरुवात करा. श्वास लागला तर उताणे होऊन तरंगा, तोंडाने सावकाश, लांब उच्छ्वास सोडा. तरीही सावरले नाही तर हात वर करून बचाव नौकेला बोलवा. या उताण्या तरंगण्याचा सराव वेगापेक्षा महत्त्वाचा आहे. शर्यतीपूर्वी निदान पाच-सहा वेळा, भरती-ओहोटीची माहिती असलेल्या स्थानिक जाणकारासोबत समुद्रात पोहा. एकट्याने कधीच नको.

आधी तपासणी कोणी करावी?

रक्तदाब, मधुमेह, दमा, फिट्स किंवा हृदयविकार असलेल्या प्रत्येकाने. तसेच श्रम करताना छातीत दुखणे, धडधड किंवा चक्कर येत असेल, अथवा घरात कोणाचा तरुण वयात अचानक मृत्यू झाला असेल तर सही मागण्याआधी हे सांगा. पोहताना कधी शुद्ध हरपली असेल तर "दमलो होतो" म्हणून सोडून देऊ नका. हृदयाच्या विद्युत यंत्रणेतील काही जन्मजात दोष प्रथम पाण्यातच उघड होतात. गरजेनुसार ईसीजी, इको किंवा स्ट्रेस टेस्ट सांगितली जाते. ईसीजी नॉर्मल आला म्हणजे धोका शून्य झाला, असे मात्र नाही. तक्रार लपवून मिळवलेली सही तर पाण्यात कोणालाच वाचवत नाही.

रक्तदाबाच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. इन्सुलिन घेणाऱ्यांनी त्या दिवशीचा डोस आणि खाणे आधीच ठरवून घ्यावे, कारण पाण्यात साखर उतरली तर आलेला घाम ना तुम्हाला कळतो, ना इतरांना. ताप किंवा छातीत कफ असेल तर शर्यत सोडा. प्रवेश शुल्क गेले तर जाऊ दे.

पाण्यात दम लागणे : एक कमी माहीत असलेला आजार

पाण्यात शरीराभोवतीच्या दाबाने हातापायांतील रक्त छातीकडे सरकते. त्यात जोराचे श्रम, थंड पाणी किंवा उच्च रक्तदाबाची भर पडली की काहींच्या फुप्फुसांत पाणी झिरपते. हे गिळलेले समुद्राचे पाणी नव्हे, ते शरीरातलेच असते. मेहनतीच्या मानाने फारच दम लागणे, सतत खोकला, छातीत घरघर, गुलाबी किंवा फेसाळ थुंकी ही त्याची लक्षणे. अशा वेळी ताबडतोब पाण्याबाहेर या, आडवे न होता बसून राहा, ऑक्सिजन मिळवा आणि बरे वाटले तरी रुग्णालयात जा. असे एकदा झाले की पुन्हा होऊ शकते, म्हणून हृदयाची तपासणी झाल्याशिवाय परत समुद्रात उतरू नये. शर्यतीपूर्वी बळेबळे लिटरभर पाणी पिण्याची सवय असेल तर तीही सोडा.

शर्यतीच्या दोन-तीन तास आधी हलके, नेहमीचेच खा. जेलीफिश डसल्यास ती जागा चोळू नका, गोडे पाणी ओतू नका. समुद्राच्याच पाण्याने धुऊन चिकटलेले तंतू चिमट्याने काढा, मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग वीसेक मिनिटे ठेवा. श्वास अडखळू लागला किंवा अंगभर गांधी उठल्या तर लगेच रुग्णालय गाठा.

घरच्यांनी किनाऱ्यावर फोटो काढत थांबताना दोन गोष्टी जवळ ठेवाव्यात : चालू औषधांची चिठ्ठी आणि जवळच्या रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक. बाहेर आल्यावर आपला माणूस असंबद्ध बोलत असेल, खोकत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर पदक घेण्यासाठी थांबू नका. १०८ ला फोन करा.