विदर्भातील दोन डाव : पैज वाढवण्याचे शास्त्र (थ्रेड)

बॅकगॅमन पैशांवर खेळताना पटाशेजारी एक ठोकळा असतो. त्यावर २, ४, ८, १६, ३२, ६४ हे आकडे. आपली बाजू वरचढ झाली की खेळाडू पैज दुप्पट करू पाहतो. प्रतिस्पर्ध्याने ती स्वीकारावी, नाहीतर चालू पैज गमावून डाव सोडावा. चारांत एकदा जिंकण्याची आशा असेल तर स्वीकारणे परवडते : चारही डाव सोडले तर ४ जातात, स्वीकारून तीन हरले, एक जिंकला, तरी ६ उणे २, म्हणजे ४च.

ही युक्ती १९२०च्या दशकातली, न्यूयॉर्कची. पैज चढवण्याची विद्या मात्र पुरातन, आणि तिच्या दोन गाजलेल्या कथा आपल्या विदर्भाशी निगडित आहेत.

पहिली भागवताच्या दशम स्कंधातली. स्थळ भोजकट, प्रसंग अनिरुद्धाचा विवाह. (भोजकट हे निव्वळ पौराणिक नाव नव्हे. अचलपूरजवळच्या चम्मक येथे सापडलेल्या द्वितीय प्रवरसेनाच्या ताम्रपटात ‘भोजकट-राज्य’ येते. नागपूरचे वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांचे लेख संपादिले, ते इतिहासप्रेमींनी अवश्य चाळावेत.) बलरामाला द्यूताचा नाद आहे, पण कौशल्य नाही, हे हेरून रुक्मीला त्याच्याशी खेळायला उद्युक्त केले गेले. बलरामाने १००, मग १,०००, मग १०,००० मोहरा लावल्या आणि तिन्ही गमावल्या. कलिंगराज दात दाखवून हसला.

आता हिशेब पाहा. बलरामाचे ११,१०० गेले होते. पुढे रुक्मीने १ लाख लावले. तो डाव बलरामाने जिंकला, म्हणजे सारे नुकसान भरून ८८,९०० वर! पैज दसपटीने चढली की एकच विजय मागचे सगळे पुसतो. हे ओळखूनच की काय, रुक्मीने ‘मीच जिंकलो’ असा कांगावा केला. संतप्त बलरामाने १० कोटी लावले, तेही जिंकले. रुक्मी पुन्हा नाकबूल. आकाशवाणीने बलरामाच्या बाजूने कौल दिला, तोही त्याने मानला नाही. अखेर बलरामाने परिघाच्या प्रहाराने त्याला ठार केले आणि कलिंगराजाचे ते दात पाडले. हरणारा देणे मानतो तोवरच पैज वाढवण्यात अर्थ असतो.

दुसरी कथा महाभारताच्या वनपर्वातली. माझ्या मते अधिक धूर्त. सर्वस्व हरलेल्या नलाला कुंडिनपुराच्या वाटेवर, बेहड्याच्या झाडापाशी, ऋतुपर्णाकडून अक्षविद्या मिळाली. पुढे निषधात परतून त्याने पुष्कराला आव्हान दिले : एकच डाव, माझे सारे धन आणि दमयंती एकीकडे, तुझे राज्य दुसरीकडे, शिवाय दोघांचे प्राण. जिंकलेल्याने परतीचा डाव दिलाच पाहिजे, हा संकेतही त्याने ऐकवला. फासे नको असतील तर द्वंद्वयुद्ध!

इथेच ठोकळ्याच्या खेळाशी फरक पडतो. पुष्कराला थोडक्यात हरून उठण्याची सोय नव्हती. त्याला ती नकोही होती. नल पूर्वीसारखाच कच्चा खेळाडू आहे, या समजुतीत तो हसत पटावर बसला आणि दमयंतीची स्वप्ने पाहू लागला. नलाने नवी विद्या पैज ठरेपर्यंत झाकून ठेवली होती. एका डावात राज्य परत आले. प्राणांची पैज मात्र त्याने वसूल केली नाही; भावाला त्याचा वाटा देऊन सन्मानाने घरी पाठवले.