कुष्ठरोग : बधिर चट्टा लपवू नका

कुष्ठरोग हा जंतूमुळे होणारा आजार आहे. नॉर्वेचे डॉ. हॅन्सन यांनी १८७३ साली हा जंतू शोधला. आजार पिढीजात नाही, आणि कुणाच्या गुनाहची शिक्षाही नाही. औषध न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घ सहवासातून तो पसरतो, पण बहुतेकांना होत नाही.

ओळख : अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा, तिथे स्पर्श, गरम-थंड कळत नाही. हातापायांना मुंग्या, बधिरपणा. कोड वेगळे, त्या पांढऱ्या डागाला स्पर्श कळतो.

चट्टा दुखत नाही, खाजत नाही. मग बेंबळीसारख्या गावात रोजंदारी बुडवून दाखवायला कोण जातो? इथेच घात होतो. नसा खराब झाल्या की बोटे वाकडी होतात.

उपचार : सरकारी दवाखान्यात मोफत. प्रकारानुसार ६ किंवा १२ महिने गोळ्या घ्याव्या लागतात. गोळ्या सुरू झाल्यावर लवकरच संसर्ग थांबतो. म्हणून रुग्णाचे ताट, बिछाना वेगळा करू नका. घरच्यांना तपासून प्रतिबंधक औषधाचा एक डोस देतात.

कायदा : १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यात नवऱ्याचा कुष्ठरोग हे बायकोला निकाह मोडून मागण्याचे एक कारण होते. संसदेने २०१९ साली ते वगळले, कारण आजार बरा होतो.

शोधमोहिमेत बायकांची तपासणी आशाताई करतात, म्हणून पडद्याची अडचण नाही. आम्ही एवढेच सांगतो : शरमेपोटी अम्मी, बहिणीचा चट्टा झाकू नका. दाखवा.