मूळ गुडघ्यांवर

समुद्र नसलेल्या रायपुरात, चौबे कॉलोनीतल्या घरी बसून मी माझ्या मापाची ‘फिश’ मागवली: सर्फिंगची आखूड, रुंद, माशासारख्या दुभंगलेल्या शेपटीची फळी. कारागिराने वजन, उंची, लाटा विचारल्या. लाटा पुरीच्या लिहिल्या. वजन पाच किलो कमी. मोडलेला घोटा लपवला.

मग इतिहास वाचला. सॅन दिएगोच्या स्टीव्ह लिसने १९६७मध्ये फिश घडवली ती गुडघ्यांवर बसून लाट घेण्यासाठी. उभे राहणारे नंतर आले. १९७२च्या जागतिक स्पर्धेत जिम ब्लिअर्स तिच्यावर उभा राहून जिंकला. म्हणजे गुडघे हे मूळ, उभं राहणं हा अनुवाद. चांगला अनुवाद.

मला मात्र घोट्यामुळे झटकन उभं राहता येत नाही. खोट्या मापाची फळी दुसऱ्याच कुणाची झाली असती. खरं वजन कळवलं. खाली लिहिलं: मुळाबरहुकूम, गुडघ्यांसाठी.